आडवळणाचं स्टेशन आणि कायद्यातलं एक कलम: हेरिटेज रेल्वे समजून घेताना

पावसाळा सरला की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: नेरळ–माथेरान गाडी पुन्हा सुरू होणार. तिच्यात ‘हेरिटेज’ हा शब्द असतोच. विदर्भात शकुंतला या जुन्या नॅरोगेज रेल्वेचा विषय निघाला की तिथेही तोच. हल्ली जुन्या वाड्यातल्या हॉटेलापासून मिसळीपर्यंत कशालाही हेरिटेज चिकटवतात, त्यामुळे शब्द पार गुळगुळीत झालाय. जुनं आहे, फोटो चांगले येतात, तिकीट जरा महाग आहे, एवढंच त्यातून कळतं.

रेल्वेच्या बाबतीत मात्र या शब्दामागे एक अख्खी व्यवस्था आहे. ती समजून घ्यायला मी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातलं एक स्टेशन निवडलंय. नाव हॉर्स्टेड केन्स. चहूकडे झाडी आणि कुरणं, आणि त्यांच्या मधोमध चक्क पाच फलाटांचं स्टेशन. गाव तिथून चालत अर्ध्या तासावर. आपल्याकडे स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ लागला की समजायचं, उतरल्यावर अजून बैलगाडी शोधायची आहे, त्यातलाच प्रकार. दोन मार्ग इथे येऊन मिळत म्हणून एवढा पसारा मांडला. पसाऱ्याला साजेसे प्रवासी मात्र कधी आले नाहीत.

त्या दोन मार्गांपैकी एक १९५८ मध्ये बंद झाला, दुसरा १९६३ मध्ये. आज तिथे वाफेची गाडी थांबते, गार्ड हिरवा बावटा दाखवतो आणि फलाटावर चहा मिळतो.

संग्रहालय नव्हे, चालती गाडी

आधी व्याख्या उरकून टाकू. नेहमीच्या वाहतुकीसाठी बंद पडलेला किंवा कालबाह्य झालेला रेल्वेमार्ग जुन्याच पद्धतीने, जुन्या इंजिन-डब्यांसह, प्रवासी घेऊन चालवत ठेवणं म्हणजे हेरिटेज रेल्वे. यातला ‘प्रवासी घेऊन’ हा भाग महत्त्वाचा. चौथऱ्यावर रंग देऊन उभं केलेलं इंजिन हा वारसा असेल, पण ती रेल्वे नव्हे.

फरक समईसारखा आहे. काचेच्या कपाटात ठेवलेली समई छान दिसते आणि वर्षातून एकदा फडकं मारलं की भागतं. देवापुढे रोज लावायची समई काळवंडते, तिची राख-चिंचेने घासणी करावी लागते, वात सारावी लागते, तेल सांडतं. पण समई कशी लावायची हे घरात पुढच्या माणसाला कळतं ते दुसरीमुळे. वाफेचं इंजिन कसं पेटवायचं, सिग्नलचा खटका किती जोराने ओढायचा, डबे जोडताना कुठे उभं राहायचं नाही, ही माहिती पुस्तकात अर्धीच सापडते. उरलेली हातात असते, आणि हात चालू नसले की दोन पिढ्यांत जाते.

अशा तऱ्हेने लोकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणजे वेल्समधली टॅलिथ्लिन. ती नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती, दगडी पाट्यांच्या खाणीसाठी बांधलेली. १९५१ पासून हौशी मंडळी ती चालवू लागली. हॉर्स्टेड केन्सची रेल्वे ज्या नावाने ओळखली जाते ती ब्लूबेल रेल्वे त्यानंतर नऊ वर्षांनी आली. नेहमीच्या रुंदीच्या रुळांवर वाफेची प्रवासी गाडी चालवणारी ती पहिली हेरिटेज रेल्वे. (त्याच उन्हाळ्यात काही आठवडे आधी लीड्समधल्या मिडलटन रेल्वेनेही सुरुवात केली होती, पण वाफेच्या प्रवासी गाडीने नव्हे. ‘पहिली’ शब्दावरून रेल्वेवेड्यांत वाद पेटायला वेळ लागत नाही, म्हणून सांगून ठेवलं.) ब्लूबेल हे एका रानफुलाचं नाव. वसंतात तिथल्या झाडांखाली निळ्या फुलांचा गालिचा पसरतो आणि गाडी त्यातून जाते.

एका बाईंनी कायदा वाचला

हॉर्स्टेड केन्सवरून जाणारा ल्यूईस ते ईस्ट ग्रिनस्टेड हा मार्ग १८८२ मध्ये सुरू झाला. शेतीचा, दुधाचा, लाकडाचा माल आणि तुरळक प्रवासी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि बस वाढल्या, आणि सरकारी ब्रिटिश रेल्वेने तोट्याचं कारण देत १९५५ च्या मे महिन्यात मार्ग बंद केला. एसटी सुरू झाल्यावर आपल्याकडच्या किती आडमार्गांचं हेच झालं असेल.

इथे गोष्टीत चेली गावच्या मिस मॅज बेसेमर येतात. रेल्वे बांधायची तर त्या काळी तिथे प्रत्येक मार्गासाठी संसदेचा वेगळा कायदा लागे, कारण लोकांच्या जमिनी घ्याव्या लागत आणि त्या बदल्यात कंपनीकडून काही वचनं घेतली जात. मिस बेसेमरनी या मार्गाचे १८७७-७८ चे मूळ कायदे काढून वाचले. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: ठरावीक स्टेशनांवर रोज चार गाड्या थांबल्याच पाहिजेत. कलम रद्द झालेलं नव्हतं. म्हणजे रेल्वेने मार्ग बंद करून स्वतःच कायदा मोडला होता.

आपल्या भाषेत सांगायचं तर सोसायटीने पाणी तोडलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बिल्डरचा मूळ करारनामा काढून दाखवला.

रेल्वेला ७ ऑगस्ट १९५६ पासून गाड्या पुन्हा सोडाव्या लागल्या. पण कशा? कायद्यात चार म्हटलंय ना, मग चारच. वेळा अशा की कामाला जाणाऱ्याला उपयोग नाही, शाळेच्या पोरांना उपयोग नाही. आणि किंग्जकोट व बारकम ही दोन स्टेशनं कायद्यात नावाने नमूद नव्हती, म्हणून गाडी तिथून न थांबता पुढे! इंग्रजीत या सेवेचं नावच ‘रुसकी सेवा’ अशा अर्थाचं पडलं. खमक्या ग्राहकाला नाइलाजाने सेवा देणारं कार्यालय ज्याने पाहिलंय, त्याला हे तोंड करून दिलेलं काम ओळखू येईल.

मग रेल्वेने संसदेकडून ते कलमच काढून टाकून घेतलं आणि १६ मार्च १९५८ ला मार्ग दुसऱ्यांदा बंद झाला. मिस बेसेमर हरल्या. पण त्यांनी मिळवलेल्या अवधीत आणि वर्तमानपत्रांतल्या गाजावाजात मार्ग देशभर ओळखीचा झाला, आणि रूळ जागेवर राहिले. पुढची गोष्ट त्यावरच उभी राहिली. रूळ उखडले गेले, जमीन तुकड्यांनी विकली गेली की परत मार्ग जोडणं किती महाग पडतं, ते पुढे येईलच.

मागितलं एक, मिळालं दुसरं

१९५९ च्या मार्चमध्ये काही विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने एक सभा झाली आणि मंडळ स्थापन झालं. त्यांचा मूळ विचार काय होता, हे लोक विसरतात. त्यांना पर्यटकांची वाफेची गाडी नको होती. त्यांना अख्खा मार्ग घेऊन नेहमीची, उपयोगाची गाडी चालवायची होती. तेवढे पैसे जमेनात, आणि आसपासच्या गावकऱ्यांनाही फारसा उत्साह नव्हता. बहुतेकांकडे मोटारी आल्या होत्या.

तेव्हा मंडळींनी हाव आवरली. शेफील्ड पार्क ते हॉर्स्टेड केन्स एवढाच सात-आठ किलोमीटरचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर जुनी इंजिनं चालवायची. १८७५ मध्ये बनलेलं ‘स्टेपनी’ नावाचं छोटं इंजिन आणि दोन डबे मिळून ७५० पौंडांना घेतले. ७ ऑगस्ट १९६० ला, म्हणजे रुसकी सेवा सुरू झाली त्याच तारखेला, चार वर्षांनी, पहिली गाडी निघाली.

आणि गंमत म्हणजे ती हॉर्स्टेड केन्स स्टेशनात गेलीच नाही. त्या स्टेशनात दुसऱ्या मार्गाने ब्रिटिश रेल्वेच्या विजेच्या गाड्या अजून येत होत्या, आणि या हौशी मंडळींना आत यायची परवानगी नव्हती. म्हणून स्टेशनाच्या अलीकडेच एक तात्पुरता थांबा केला. तिथे इंजिन वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायला जागा नाही, त्यामुळे गाडीच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावलेलं. दारापर्यंत येऊन उंबरठ्यावर थांबायचं आणि तसंच मागे फिरायचं. १९६१ च्या अखेरीस आत प्रवेश मिळाला, आणि १९६३ मध्ये विजेच्या गाड्या बंद झाल्या. उपऱ्यांच्या हाती अख्खं पाच फलाटी स्टेशन आलं.

स्टेशन नेमकं कोणत्या सालचं?

जुनी वास्तू नीट करायची म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा वाटतो. तो दुसरा असतो. पहिला प्रश्न: कोणत्या सालाची करायची?

पुण्यातला एखादा वाडा घ्या. पेशवाईत मातीच्या भिंती, इंग्रजी अमदानीत कौलं आणि काचेची तावदानं, १९५० मध्ये वायरिंग, १९८० मध्ये मोझॅकची फरशी. यातला ‘खरा’ वाडा कोणता? सगळेच. पण दुरुस्ती करताना एक ठरवावंच लागतं, नाहीतर पेशवाई दिंडी-दरवाजावर ट्यूबलाइट येते.

ब्लूबेलने यावर शोधलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी प्रत्येक स्टेशनाला वेगळा काळ वाटून दिला. शेफील्ड पार्क १८८० च्या दशकातलं, मार्ग नवा होता तेव्हाचं. हॉर्स्टेड केन्स दोन महायुद्धांच्या मधलं. किंग्जकोट, तेच बिचारं कायद्यात नाव नसलेलं, १९५० च्या दशकातलं, म्हणजे सरकारी रेल्वेच्या काळातलं. गाडीत बसून तुम्ही सत्तर वर्षं पुढे जाता.

हे ठरलं की मग तपशिलांची साखळी लागते. हॉर्स्टेड केन्सचा रंग तेव्हाच्या सदर्न रेल्वेचा हिरवा. भिंतीवरच्या पत्र्याच्या जाहिराती त्या काळातल्या कोको-साबणाच्या. हमालाची हातगाडी, तिच्यावरच्या चामडी ट्रंका, तिकीट खिडकी, पाट्यांवरच्या अक्षरांचं वळण. एक प्लास्टिकची कचराकुंडी समोर आली की सगळा खेळ विस्कटतो. मात्र आग विझवायचं नळकांडं लागतंच, अपंगांसाठी उतार लागतो, उपाहारगृहाला आजच्या आरोग्याचे नियम लागतात. १९२५ मध्ये यातलं काही नव्हतं. तिथे मुकाट तडजोड करायची, आणि ती शक्य तितकी नजरेआड ठेवायची.

इंजिन म्हणजे चाकांवरचा कुकर

वाफेचं इंजिन गुंतागुंतीचं वाटतं, पण त्याचं तत्त्व रोज सकाळी आपल्या ओट्यावर शिट्ट्या मारत असतं. बंद भांडं, खाली आच, आत पाणी. वाफेला जायला जागा नाही म्हणून दाब वाढतो. कुकरमध्ये तो डाळ शिजवतो. इंजिनात तो नळकांड्यातला दट्ट्या ढकलतो आणि दट्ट्या चाक फिरवतो. या भांड्याला बॉयलर म्हणतात.

कुकरच्या झाकणावर शिट्टीशिवाय एक छोटी गुंडी असते, सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी आटलं, कुकर कोरडा तापला की तिच्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ निसटते. डाळ छताला लागते पण माणसं वाचतात. इंजिनात अगदी हीच युक्ती आहे. भट्टीच्या माथ्यावर शिशाने भरलेली गुंडी असते. त्या माथ्यावर कायम पाणी हवं. ते खाली गेलं तर शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि ड्रायव्हर-फायरमनला ओरडून सांगते की पळा किंवा आग काढा. गुंडी वितळवणं हा फायरमनच्या आयुष्यातला मोठा नामुष्कीचा प्रसंग.

बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसाच बॉयलरच्या नळ्यांवर बसतो. शिवाय लोखंड रोज तापतं आणि निवतं, म्हणजे प्रसरण पावतं आणि आक्रसतं. म्हणून गार इंजिन घाईने पेटवता येत नाही. आदल्या संध्याकाळीच किंवा पहाटे अंधारात हलकी आच द्यायची, हळूहळू वाढवायची. सकाळी दहाच्या गाडीत आपण ऐटीत बसतो तेव्हा कुणीतरी रात्रभर चूल राखलेली असते.

ब्रिटनमध्ये साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर उतरवून, नळ्या काढून पूर्ण तपासणी करावी लागते. तो खर्च काही लाख पौंडांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे कुठल्याही हेरिटेज रेल्वेच्या शेडमध्ये दहा इंजिनं दिसली तर त्यातली दोन-चारच चालती असतात. बाकीची रांगेत. ‘एवढी इंजिनं आणि आज एकच का चालू?’ असं विचारणाऱ्या प्रवाशाला उत्तर हे.

वेगाचंही असंच. या मार्गांवर मर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. कारण साधं आहे: वेग वाढला की रूळ, सिग्नल, ब्रेक सगळ्यांचे निकष चढतात आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. खेड्यांतल्या स्वस्त रेल्वेंसाठी १८९६ मध्ये जो कायदा झाला, त्यातल्या सवलतींवरच ही मंडळी पुढे कित्येक वर्षं तगली.

एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून टोकन वापरतात. ज्या ड्रायव्हरच्या हातात त्या तुकड्याचं टोकन, त्यानेच त्या तुकड्यात शिरायचं. आपल्या रेल्वेतले जुने लोक ज्याला गोळा म्हणत, तेच. चाळीत सामायिक संडासाला एकच किल्ली असायची. किल्ली खिळ्याला नसेल तर आत कुणीतरी आहे, दार वाजवायचं कारण नाही. संगणक बंद पडेल, किल्ली पडत नाही.

पैसे कुठून येतात?

तिकिटांतून सगळं भागत नाही, हे आधीच सांगतो. उपाहारगृह, भेटवस्तूंचं दुकान, डब्यात पांढऱ्या टेबलक्लॉथवर दिलं जाणारं जेवण, नाताळातल्या सांताच्या गाड्या, चित्रीकरणाचं भाडं, यांवर डोलारा उभा असतो. जुन्या काळचं स्टेशन हवं असलं की निर्माते हॉर्स्टेड केन्सकडे वळतात, कारण तिथे पडद्यामागे लपवायला फार काही नसतं. शेअरही विकले जातात. त्यावर लाभांश मिळत नाही, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. काही जण मृत्युपत्रात रक्कम ठेवून जातात.

सगळ्यात मोठं भांडवल मात्र फुकट काम करणाऱ्या माणसांचं. शनिवार-रविवारी येऊन रुळाखालची खडी भरणारा, तिकिटं तपासणारा, डब्याची गादी शिवणारी, सिग्नलची तार ओढणारा. यात निवृत्त इंजिनिअर असतात तसे बँकेतले कारकूनही. फुकट काम म्हणून सूट नाही. इंजिन चालवायचं तर साफसफाई करणाऱ्यापासून सुरुवात, मग फायरमन, मग परीक्षा देत वर्षानुवर्षांनी ड्रायव्हर. गणेशोत्सवाचं मंडळ डोळ्यांसमोर आणा, फक्त ते वर्षभर चालतं आणि चुकलं तर रेल्वेचा सुरक्षा निरीक्षक दारात येतो. गटबाजीही मंडळाइतकीच असते म्हणे. त्यात मला नवल वाटत नाही.

आता ती जमिनीची गोष्ट. हॉर्स्टेड केन्सच्या पुढचे रूळ १९६० च्या दशकात उखडले गेले होते. मंडळाला ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत जायचं होतं, कारण तिथे लंडनहून येणारी नेहमीची गाडी मिळते. वाटेत इंबरहॉर्नजवळ डोंगर खोदून केलेला खोल चर होता. मार्ग बंद झाल्यावर त्या चरात घरगुती कचरा टाकून तो काठोकाठ भरून टाकला होता. वाचवलेल्या रेल्वेसमोर उभा राहिला तो कचऱ्याचा डोंगर.

तो उपसायला लाखो पौंड आणि काही वर्षं लागली. ‘शुक्रवारी पाच पौंड द्या’ अशा मोहिमा काढून पैसा गोळा केला. आणि कचरा हलवला कसा, तर बराचसा रेल्वेनेच: पलीकडून मुख्य मार्गाला रूळ जोडून मालगाड्या भरभरून तो बाहेर काढला. २३ मार्च २०१३ ला ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत गाडी पोचली. बंद झाल्यापासून पंचावन्न वर्षांनी, आणि अवघ्या अठरा किलोमीटरांसाठी. आज लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून तासाभरात ईस्ट ग्रिनस्टेडला उतरून समोरच्या वाफेच्या गाडीत बसता येतं. लंडनमधल्या मराठी मंडळींनी मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे, पण निघण्याआधी त्या दिवशी गाडी आहे का ते बघा, रोज नसते.

‘पण यातलं खरं जुनं किती?’

हा आक्षेप रास्त आहे. दर दहा वर्षांनी नळ्या बदलल्या, कधी भट्टी बदलली, डब्यांचं लाकूड बदललं, तर १८७५ चं उरलं काय?

मला यावर गोधडी आठवते. माझ्या आजीच्या गोधडीला तिच्या आईच्या लुगड्याचा तुकडा होता, मग आजीच्या नऊवारीचा, मग आईच्या वायल साडीचा. मूळ तुकडा शेवटी विरून गेला, टाके तेवढे तशाच वळणाने पडत राहिले. ती गोधडी जुनी की नवी, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही, कारण ती पांघरली जात होती.

ब्लूबेलवर याचं टोकाचं उदाहरण आहे. त्या भागात धावणाऱ्या ‘अटलांटिक’ जातीच्या इंजिनांपैकी शेवटचं, ‘बीची हेड’, १९५८ मध्ये मोडीत निघालं. पुढे तशाच नमुन्याचा एक बॉयलर एका लाकूडकामाच्या कारखान्यात सापडला. त्याभोवती, जुने आराखडे समोर ठेवून, वीसेक वर्षं खपून मंडळींनी अख्खं इंजिन नव्याने घडवलं, आणि २०२४ मध्ये ते गाडी ओढू लागलं. याला वारसा म्हणायचं की प्रतिकृती? माझं मत: इंजिन नवं, ते घडवण्याची विद्या जुनी. आणि वाचवण्यासारखी गोष्ट विद्याच होती.

बाकी बरीच इंजिनं वाचली ती मात्र निव्वळ योगायोगाने. १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफ पूर्ण बंद केली तेव्हा इंजिनं भंगारात जात होती. वेल्समधल्या बॅरी गावच्या डाय वूडम या भंगारवाल्याने मालडबे आधी कापायला घेतले, कारण ते सोपे. इंजिनं यार्डात गंजत उभी राहिली. तोवर हौशी मंडळं पैसे जमवून येऊ लागली, आणि तिथून २१३ इंजिनं सुटली. आजच्या हेरिटेज रेल्वेंचा मोठा भाग त्या दिरंगाईवर धावतोय.

‘कोळसा जाळून कसला वारसा?’

धूर होतो, हे खरंच. ब्रिटनने २०२४ मध्ये शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं, तिथे पर्यटकांसाठी कोळसा जाळणं विचित्र दिसतं. पण वीजकेंद्रांच्या तुलनेत या सगळ्या रेल्वेंचा मिळून कोळसा म्हणजे जत्रेतल्या भट्टीसमोर चहाची शेगडी. खरी अडचण वेगळीच निघाली आहे: देशातल्या खाणी बंद झाल्या, योग्य प्रतीचा कोळसा आता परदेशातून आणावा लागतो. पर्यायी इंधनाच्या वड्या जाळून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. ज्या फायरमनने आयुष्यभर दगडी कोळसा फावड्याने टाकला, त्याला नव्या इंधनाची ज्योत ओळखायला पुन्हा शिकावं लागतं.

‘आपल्याकडे असं का होत नाही?’

होतं, पण वेगळ्या रीतीने. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–सिमला हे आपले तीन डोंगरी मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि तिन्ही सरकारी रेल्वे चालवते. नेरळ–माथेरानही मध्य रेल्वेकडे आहे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे पैसे घालून बांधलेला हा मार्ग २२ मार्च १९०७ ला सुरू झाला. रूळ फक्त दोन फुटी. जुलै २००५ च्या पावसाने तो उद्ध्वस्त केला, २०१६ मध्ये डबे घसरल्यावर थांबला, २०१९ च्या पावसात पुन्हा वाहून गेला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात परत धावू लागला. हे सगळं सरकारी तिजोरीतून. हौशी मंडळाने असा घाट तीनदा बांधून काढला असता, हे मला पटत नाही.

शिवाय माथेरानला मोटारी चालत नाहीत. दस्तुरी नाक्यापुढे घोडा, हातगाडी, ई-रिक्षा किंवा अमन लॉजहून सुटणारी ही छोटी गाडी. म्हणजे ती दिखाऊ नाही, लोकांच्या रोजच्या उपयोगाची आहे. ब्लूबेलच्या विद्यार्थ्यांना जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते माथेरानकडे आहे.

शकुंतलेचं कोडं याच्या उलट. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला, मिळून जवळपास १९० किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी ब्रिटिश कंपनीने बांधलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही मालकी खाजगी राहिलेली. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेलं इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरलं. कापूस तिकडे, इंजिन इकडे. ती वाचवा म्हणणाऱ्यांत दोन गट आहेत आणि ते एकमेकांना क्वचितच ऐकतात. एकाला नॅरोगेजची ऐट हवी. दुसऱ्याला ब्रॉडगेज हवं, कारण अचलपूरच्या पोराला वेळेत कॉलेजात पोचायचंय. दुसऱ्या गटाला ‘तुम्हाला वारशाची किंमत नाही’ असं शहरात बसून सुनावणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. ब्लूबेलचा अनुभव एवढंच सुचवतो की दोन्हींसाठी अख्खा मार्ग लागत नाही. वारशाला सात-आठ किलोमीटर आणि एक जुनं स्टेशन पुरतं. मात्र हौशी मंडळाने रूळ विकत घ्यायचे आणि परवाना काढून प्रवासी गाडी चालवायची, अशी रुळलेली वाट आपल्या रेल्वेत नाही. ती आधी कायद्यात काढावी लागेल.

जाता जाता बार्शीचं एक. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रेल्वे टाकली. खेड्यात स्वस्तात रेल्वे कशी न्यायची याचा तो नमुनाच ठरला. तिथे शिकलेलं घेऊन त्याने इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड नावाचा मार्ग १९०४ मध्ये उभा केला. तिथल्या इंजिनांवरचे भलेमोठे दिवे पाहून इंग्रजांना ती हिंदुस्थानातून आल्यासारखी वाटत. तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. टॅलिथ्लिनला अजून सतरा वर्षं होती, मंडळ काढायचं कुणाला सुचलं नाही, रूळ उखडले गेले. आता त्या वाटेवर लोक सायकल चालवतात. बार्शीच्या वाटेवर ब्रॉडगेज आली, आणि लातूरची गाडी आता तिथून जाते.